संबंध ठेवण्याबाबत

बोरखडी, ता. मानवत
सोमवार, १० नोव्हेंबर

पार्वती, तुला थोरल्या जावेचा आशीर्वाद, भावजींना नमस्कार, आणि ह्या कागदाला विनंती की चुलीत जायच्या आधी त्यानं तुझ्याकडून एकदा वाचून घ्यावं.

आधी गोड खबर. आपल्या गोपाळला लेक झाली. गणपती उठल्यावर चौथ्या दिवशी, मानवतच्या दवाखान्यात. तुझ्या कानावर आलंच असंल, पाथरीला काय उशिरा पोचतंय. पण मी सांगितलेलं न्हाई, म्हणून ते ऐकलेलं धरू नको. आता ऐक. रंग आमच्या सुनेचा, भक्तीचा, गव्हाळ. नाक आपल्याकडचं, त्याला इलाज न्हाई. जावळ इतकं दाट की दवाखान्यातली सिस्टर म्हणली, आजी, वेणी घालूनच घरी न्या. काल मी तेल लावत होते तर माझ्याकडं बघून असा हुंकार दिला की वाटी तशीच हातात धरून बसले. ह्या घरात येऊन मला चाळीस वर्षं झाली, माझ्या बोलण्याला इतक्या लवकर हो कोणी म्हणलं न्हाई.

पत्र का, तर फोन यांच्या खिशात असतोय. त्याच्यावर शाखेचा ग्रुप हाय, दिवसभर टुंगटुंग चालू. आणि तुझा नंबर भावजींनी कुठं दाबून ठेवलाय कोण जाणे, लागतच न्हाई. अक्षराला हसू नको. साक्षरतेच्या वर्गाला आपण दोघी एकाच कंदिलाखाली बसलो, तू वाचून पुढं गेलीस, मी जोडाक्षरापाशी बसून राहिले. तरी बघ, लिहायलेय.

पार्वती, मला अजून एक गोष्ट कळली न्हाई. दिल्लीतल्या त्या दोघा पुढाऱ्यांचं पीक विम्याच्या धोरणावरून बिनसलं, शेतकरी सेवा पक्ष मधोमध फुटला, ते ठीक. पण त्यांची दोघांची चूल काय एक नव्हती. आपली होती. यांनी 'मूळ' गट धरला, भावजींनी 'खरा' धरला. आमाला जातं निशाणी मिळाली, तुमाला सूप. जातं इकडं आणि सूप तिकडं, असं कधी कोणाचं पीठ झालंय का. भावजी तुला घेऊन पाथरीला गेले, तिथं शाखा उघडली, आणि इथं आमच्या ओसरीवरच्या पाटीवर 'अध्यक्ष' म्हणून यांचं एकट्याचं नाव राहिलं. आधी दोघा भावांचं होतं. खालचं नाव चुन्यानं पुसलंय, पण ऊन तिरपं पडलं की दिसतंय.

आता खरी खबर. तुला माहीत हाय, रोज संध्याकाळी सातला हे ओसरीवर पक्षाचं 'दिल्ली काय म्हणते' हे पत्रक मोठ्यानं वाचतात. मी आत डाळ निवडत ऐकते. काल असं आलं की कापसाच्या धोरणासाठी दोन्ही गट एकत्र यायलेत, बोलणी चालू हायेत. आणि कागदात पुढं लिहिलं होतं, 'समन्वय तळागाळापर्यंत न्यावा.' मी आतून विचारलं, तळागाळ म्हणजे कोण हो. हे म्हणले, म्हणजे आपणच. मी म्हणलं, मग बरं झालं.

कारण पोरीचं बारसं राहिलंय. बाराव्या दिवशी झालं न्हाई, सव्वा महिन्याला झालं न्हाई. आत्या कुठून आणू. मला लेक न्हाई. गोपाळला जन्मापासून बहीण एकच, तुझी राजेश्री. हे म्हणले, आपल्या मुंजाजीची बहीण बसवू. मुंजाजी म्हणजे यांचा नवा सेक्रेटरी. मी म्हणलं, शाखेत सेक्रेटरी बसवला तशी पाळण्यापाशी आत्या बसवता येत न्हाई. तेव्हापासून बिननावाची हाय लेकरू. कोणी बाळी म्हणतंय, कोणी चिमणी, शेजारची म्हातारी तर 'ए दोन महिने' म्हणती.

राजेश्रीला तू सांग. तीन वर्षं झाली, राखीला आली न्हाई. पोरीचं काय चुकलं, बापानं अडवलं असंल. आता दिल्लीचाच कागद हाय म्हणल्यावर भावजींना अडवता यायचं न्हाई.

दत्ताच्या जीपमध्ये पिशवी देते. तुरीच्या शेंगा हायेत, पोपटी दाणा, खारवून खा. पिशवी त्याच्याच हाती परत दे.

तुझी कमलबाई


सोमवार, १७ नोव्हेंबर

पार्वतीस आशीर्वाद, रागावलेल्या पार्वतीलासुद्धा.

पिशवी मिळाली. घडी करून, रिकामी. मी दत्ताला दोनदा विचारलं, वाटेत काही सांडलं का रे. तो म्हणला, काकू, रिकामी पिशवी सांडंल कशी. लय शहाणा झालाय, जीप घेतल्यापासून. मी घरात कोणाला दाखवली न्हाई. उंबऱ्याच्या आतच दोन मूठ जवारी टाकली तिच्यात आणि मग खुंटीला अडकवली.

बरं, शेंगा कोवळ्या होत्या का.

इकडं समन्वय जोरात चालू हाय. म्हणजे बैठक चालू हाय. शुक्रवारी ओसरीवर अकरा माणसं बसली, दोन वेळा चहा झाला, आणि ठराव काय झाला म्हणशील तर आधी कोणी कोणाकडं जायचं यावर दिल्लीचा खुलासा मागवायचा. मुंजाजी म्हणला, अध्यक्ष, आपण मूळ आहोत, मूळ जागचं हलत न्हाई. एक म्हातारं म्हणलं, अरे, मग झाड तरी जातंय का कुठं. सगळे हसले, हे हसले न्हाईत. मी चहा देताना विचारलं, धोरण धोरण म्हणता ते असतंय तरी काय. हे म्हणले, पुढं काय करायचं ते आधी ठरवून ठेवणं. मी म्हणलं, असं होय, मग आमच्या भक्तीकडं रोज सकाळी एक धोरण असतंय, बाळीची अंघोळ, भाकरी, वेचणीच्या बायांचं पाणी, त्याला कोणी बैठक बोलवीत न्हाई.

कापूस बरा हाय यंदा. शेवटच्या पावसानं खालची बोंडं काळी पडली, वरची चांगली फुटलीत. तू असतीस तर मला वरची दिली असतीस आणि खालची स्वतः वेचली असतीस, मग संध्याकाळी कंबर दुखती म्हणून मलाच बोलली असतीस.

मार्गशीर्ष शुक्रवारपासून लागतोय. त्याच्या मागून पौष. पौषात मी पाळणा हलवणार न्हाई. म्हणजे हा एक महिना हातात हाय. न्हाईतर लेकरू पाच महिन्यांचं होईल आणि स्वतःच आपलं नाव सांगंल.

राजेश्रीला हेही सांग की तीन वर्षांखाली राखीच्या दिवशी मी पुरण घालून तिची वाट बघत होते. गोपाळ वावरातून आला, हात धुवून पाटावर बसला, आणि ती आलीच न्हाई. गोपाळनं तेव्हापासून मनगटाला साधा दोरासुद्धा बांधला न्हाई. तिला म्हणावं, भाऊ वाट बघायलाय.

ह्या वेळी पिशवीत बाजरीचं पीठ हाय.

तुझी कमलबाई


सोमवार, २४ नोव्हेंबर

पार्वती,

पिशवी आली. आत शाळेच्या वहीचा चतकोर कागद. त्यावर तुझं ते मोत्यासारखं अक्षर. तीनच शब्द: 'बाई, खरं लिहा.'

चार दिवस तो कागद पोलक्यात ठेवला. पोरीला मांडीवर घेतलं की टोचायचा. काल ती भोकाड पसरून रडायला लागली तर मला वाटलं त्या कागदानंच. तर आता लिहिते. मधेच थांबले तर शाई संपली असं समजू नको.

राजेश्री आली होती.

राखीच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, तिच्या शाळेच्या गावाहून, गंगाखेडहून, दोन गाड्या बदलून. हातात पेढ्याचा पुडा, पदराला घामाचं पाणी. पुरण घातलंच नव्हतं मी. हे तालुक्याला गेले होते, गोपाळ वावरात. भक्ती राखीला माहेरी, घरात मी एकटी.

त्याच्या आदल्या आठवड्यात शाखेनं मला महिला आघाडीची प्रमुख केलं होतं. तू हसशील. पण पार्वती, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावाचा कागद आला. पाकिटावर 'श्रीमती कमलबाई' असं छापलेलं. आत दिल्लीचं परिपत्रक. मी ते तीन दिवस बोट ठेवून ठेवून वाचलं, जोडाक्षरं भक्तीला विचारली, आणि सगळं पाठ झालं. त्यात पाचवं कलम होतं: 'दुसऱ्या गटाशी कसलाही संबंध ठेवू नये.' ते पुढाऱ्यांनी सभेच्या, मंचाच्या संबंधाबद्दल लिहिलं असंल. आता कळतंय. तेव्हा मला वाटलं, दिल्लीहून इतक्या लांबून मला विचारून लिहिलंय, तर पाळलं पाहिजे.

पोर दारात उभी. म्हणली, मोठी आई, गोपाळदादा कुठंय. आणि मी आत जाऊन तो कागद घेऊन आले. पाणी न्हाई विचारलं. कागद तिच्यापुढं धरला, पाचव्या कलमावर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. अडखळले न्हाई मी. एकदासुद्धा न्हाई. मला मनातून इतका आनंद झाला होता अडखळले न्हाई याचा, की तिच्या तोंडाकडं माझं ध्यानच नव्हतं.

ती म्हणली, मोठी आई, तुमी वाचायला शिकलात. बस, एवढंच. पेढ्याचा पुडा उंबऱ्यावर ठेवला आणि गेली.

गोपाळ आला तेव्हा मी सांगितलं, आली न्हाई तुझी बहीण. पेढे शाखेत वाटले.

तीन वर्षं मी दिल्लीला बोल लावला, यांना लावला, भावजींना तर लयच लावला. तुला दोन पत्रं लिहिली त्यातही तेच. तुला सगळं माहीत होतं ना. राजेश्री तुझ्याजवळ बोललीच असणार. म्हणून पिशवी रिकामी आली.

आता गोपाळला सांगणार हाय. तुला आधी लिहिलं, कारण तुला लिहून झाल्यावर मला परत फिरता यायचं न्हाई.

कमल


सोमवार, १ डिसेंबर

पार्वतीस आशीर्वाद. दत्ता म्हणला तुझ्या डोळ्याचं आपरेशन झालं, हिरवी पट्टी बांधलीय आणि महिनाभर गाडीत बसायचं न्हाई. आधी घाबरले, मग वाटलं, मोतीबिंदूच हाय, जाईल. चुलीपाशी जाऊ नको, वाकू नको, आणि डोळे चोळायची ती तुझी खोड सोड. आता हे पत्र कोण वाचून दाखवणार. भावजीच. तर भावजी, नमस्कार. मोठ्यानं वाचा आणि मधलं गाळू नका.

गोपाळला मंगळवारी सांगितलं. तो गोठ्यात होता, मी दारात उभी राहून सगळं बोलले, जसं तुला लिहिलं तसंच. त्यानं वैरण टाकली, पाणी दाखवलं, हात धुतले. जेवायला आला न्हाई. भक्ती ताट झाकून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून निघाला. मी विचारलं, कुठं रे. म्हणला, माय, तू वाचून दाखवलंस, आता मी ऐकून घ्यायला जायलोय.

संध्याकाळी गंगाखेडहून आला. लय थकलेला, पण जेवला. राजेश्रीनं त्याला चहा दिला, जेवायला वाढलं, बाळीचे फोटो बघितले, रडली. पण येते म्हणली न्हाई. म्हणली, मोठ्या आईनं मला कागद वाचून घालवलंय, तर मला बोलवायलाही कागदच पाहिजे. तसाच. वरती नाव, खाली शिक्का.

गोपाळला वाटलं ही चेष्टा हाय. मला वाटलं न्हाई. मास्तरीण हाय ती, तिला नेमकं काय मागायचं ते कळतंय.

तसा कागद लिहायला रात्री जागवल्या असं न्हाई म्हणणार, पण दोन दुपारी लागल्या मला. आधी पाटीवर लिहिलं, मग कागदावर. नक्कल तुझ्यासाठी करते, बरोबर हाय का सांग:

बोरखडी शाखा. जावक क्रमांक १.
विषय: संबंध ठेवण्याबाबत.
सर्वांना कळविण्यात येते की राखीच्या दिवशी मी जे वाचून दाखवलं त्यात कागदाची चूक नव्हती, वाचणारीची होती. आजपासून राजेश्रीशी सगळ्या प्रकारचे संबंध ठेवावेत. राखी, भाऊबीज, बाळंतपण, दुखणं, रुसणं, भांडण हे सगळं त्यात आलं. दिल्लीहून उलटा कागद आला तरी हा कागद रद्द होणार न्हाई. बारसं रविवारी, सात तारखेला. आत्याशिवाय पाळणा हलणार न्हाई.
कमल बन्सीधर

यांचं नाव तोंडानं घेतलं न्हाई कधी, हातानं लिहिलं. लिहिताना कान गरम झाले.

मग शिक्का. तो यांच्या पेटीत, किल्ली कमरेला. मी जाऊन म्हणलं, शिक्का द्या. कशाला, म्हणले. मी म्हणलं, समन्वयाला. कागद मागितला, चष्मा लावला आणि वाचत बसले. इतका वेळ की मला वाटलं दिल्लीचा खुलासा मागवतात आता. राखीच्या दिवसाचं यांनाही माहीत नव्हतं गं. वाचून झाल्यावर चष्मा पुसला, परत वाचलं. मग म्हणले, शाईचं पॅड वाळलंय. आणि उठून बाहेर गेले. मी समजले, झालं.

तर हे मुंजाजीच्या घरून शाईची बाटली घेऊन आले. पॅड ओलं केलं, पेटी उघडली. मी हात पुढं केला तर म्हणले, राहू दे, तुला सरळ मारता यायचा न्हाई. आणि स्वतः मारला. सरळ आला. खाली 'अध्यक्ष' म्हणून सहीही केली, मी सांगितलं नव्हतं.

गोपाळनं कागद गंगाखेडला नेऊन दिलाय. तिनं घेतला, वाचला, पर्समध्ये ठेवला. रविवारच्या काळजीनं मला आत्तापासूनच झोप लागेना.

तुझी कमल


सोमवार, ८ डिसेंबर

पार्वती, डोळे मिटून पड आणि ऐक. भावजी, तुमी चष्मा लावा. काल तुमी होतात, तरी वाचा. तुमी ओसरीवर होतात, आतलं तुमाला ठाऊक न्हाई.

राजेश्री आली.

सकाळी साडेनऊला. गोपाळ मानवत रोड स्टेशनावर जाऊन उभा होता. गाडीवरून उतरली तशी सरळ दारात आली आणि तिथंच थांबली. जिथं त्या दिवशी थांबली होती, अगदी तिथं. मी आत गेले. माझ्या पाठीमागं बाया कुजबुजल्या, आता ही काय आणती. मी तांब्याभर पाणी आणलं. तिच्या हातात दिलं. ती प्याली, सगळा तांब्या प्याली, आणि म्हणली, मोठी आई, एवढं वाचायला लागलं का तुमाला. मग आत आली.

पाळण्यापाशी जी गर्दी. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणून बाळीला खालून वरून फिरवलं. दर वेळी गोपाळ घ्या म्हणलं की आमचा गोपाळ दारातून बघायचा. मग आत्या वाकली आणि कानात कुर्र केलं. बायांनी तिच्या पाठीत बुक्क्या घातल्या, तशी ती वळून म्हणली, थांबा, ह्यातल्या निम्म्या मोठ्या आईच्या हायेत. आणि घातल्या गं. दोन. हळू घातल्या, पण घातल्या. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आता भावजींचं. दत्ताच्या जीपमधून उतरले आणि फाटकापाशी लिंबाखाली उभे. म्हणले, मी तुमच्याकडं आलो न्हाई वहिनी, लेकीला न्यायला आलोय. मी म्हणलं, न्यायला वेळ हाय, तोवर बसून न्या. खुर्ची दिली ती यांच्या बाजेपासून दहा हातांवर. एक पूर्वेला बघतोय, एक पश्चिमेला. घुगऱ्या दिल्या, दोघांनी दोन दिशांना तोंड करून खाल्ल्या.

तेवढ्यात दोघांचे फोन एकदम वाजले. टुंगटुंग, टुंगटुंग. दिल्लीत बोलणी फिसकटली. कापसाच्या धोरणावर एकमत झालं न्हाई, समन्वय बंद. आणि दोन्ही गटांना वरून हुकूम, की संध्याकाळपर्यंत समोरच्या गटाच्या स्थानिक माणसांचा नाव घेऊन कडक निषेध करावा आणि निवेदनाचा फोटो पाठवावा.

मी दारात उभी होते. आत पाळणागीत चालू, बाहेर दोघे फोनकडं बघत बसलेले. वाटलं, आता उठतात. आता भावजी राजेश्रीला हाक मारतात.

हे म्हणले, मुंजाजी कुठंय, निवेदन लिहायचंय. मुंजाजी कापूस घेऊन मानवतला गेलेला. परत म्हणले, हवेला, लिहिता येणारं कोणी हाय का इथं. तुला आठवतंय ना, शाखा एक होती तेव्हा हे बोलायचे आणि भावजी लिहायचे. तीन वर्षांत मुंजाजीनं लिहिलेलं एक निवेदन तहसीलमध्ये कोणाला वाचता आलं न्हाई, आणि तिकडं भावजींच्या निवेदनात अक्षर सुंदर पण दम न्हाई, असं लोक म्हणतात. मी न्हाई म्हणत.

भावजींनी फोन खिशात घातला. मग खुर्ची उचलली, बाजेपाशी आणली आणि म्हणले, दे कागद.

हे बोलायला लागले, भावजींच्याच विरोधात. 'खरा म्हणवणाऱ्या गटाच्या भगवानरावांनी गद्दारी केली, गद्दारीची परंपरा चालवली.' भावजी लिहिता लिहिता म्हणले, दादा, गद्दारी दोनदा झालं, एका जागी विश्वासघात घालू का. हे म्हणले, घाल, पण बारीक अक्षरात नको. झालं. सही केली, शिक्का मारला. मग भावजींनी दुसरा कागद काढला. म्हणले, आता माझं. बोल. आणि यांनी बसल्या बसल्या स्वतःचाच निषेध सांगितला, पार्वती. 'बन्सीधर यांनी पंचवीस वर्षे गावाची दिशाभूल केली.' भावजी म्हणले, सत्तावीस. हे म्हणले, बरं, सत्तावीस लिही, खोटं नको.

बाया खिडकीतून ऐकत होत्या. भक्ती तोंडात पदर कोंबून हसायली होती. दोन्ही कागदांचे फोटो गोपाळनं काढून दोन्हीकडं पाठवले. दिल्लीला काय कळणार दोन्हीचं अक्षर एकच हाय ते. मग दोघे एका ताटाला बसले न्हाईत, खोटं कशाला सांगू, पण एका पंगतीला बसले. यांनी त्यांच्या ताटात वांग्याची भाजी वाढायला सांगितली. जाताना फाटकापाशी हे म्हणले, पुढचं निवेदन कधी हाय. भावजी म्हणले, दिल्ली सांगंल तेव्हा. हे म्हणले, तोवर असाच ये.

आता तू विचारशील, नाव काय ठेवलं. भावजींना मी सांगू दिलं नव्हतं तुला. वचन घेतलं होतं, पाळलं का त्यांनी.

यांना विजया पाहिजे होतं, निवडणुकीवर डोळा ठेवून. राजेश्रीनं कोणाला विचारलं न्हाई. कानात सांगितलं आणि मग मोठ्यानं म्हणलं, लीला.

आपल्या सासूबाई, पार्वती. जिनं आपल्याला दोघींना एका लुगड्यात दोन वर्षं काढायला लावली, भाकरी जाड झाली की अंगणात कुत्र्याला टाकली, जिच्या नावाचं अक्षर तोंडातून निघू नये म्हणून आपण लिंबालासुद्धा 'ते कडू झाड' म्हणायचो. सगळ्या बाया माझ्याकडं बघायल्या होत्या. मी म्हणलं, अगं पोरी, दुसरं नाव न्हाई का मिळालं. राजेश्री म्हणली, मोठी आई, दोन्ही गटांना भिऊन वागायला लावणारी आपल्या घरात एकच बाई होऊन गेली.

आज सकाळी लेकरानं दूध ओकलं माझ्या नव्या लुगड्यावर. आणि मी काय म्हणलं असंल. म्हणलं, गप बस लीले, किती त्रास देतीस. म्हणून झालं आणि मी उंबऱ्याकडं बघितलं, कोणी ऐकलं तर न्हाई. मग एकटीच हसत बसले. चाळीस वर्षांनी.

पट्टी सुटली की ये. भावजी, आणून सोडा, न्यायला या, मधे आठ दिवस जाऊ द्या. पाणी मी तापवीन, पाय तू पसर. आपण दोघी मिळून सासूबाईला न्हाऊ घालू.

तुझी कमल